स्कूटरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचा गोल झालेला स्क्रू आटे न बिघडवता कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की स्कूटर कळंगुटला किनाऱ्यालगत उभी असते, डबीच्या झाकणाच्या दोन स्क्रूंपैकी एकाची फुली गोल झालीय, आणि आता आणखी जोर लावावा का? अजिबात लावू नका. स्क्रू किरकोळ किमतीत मिळतो. आटे मात्र डबीच्या ॲल्युमिनियममध्ये कापलेले असतात आणि तो धातू मऊ. म्हणून स्क्रूचा बळी गेला तरी चालेल, आट्यांचा नको.

खाऱ्या हवेत पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र असले की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. त्याची पांढरी पूड आट्यांत ठासून बसते. आधी ती फोडायची. दाभणाने खाच साफ करा, सपाट पंच डोक्यावर सरळ धरा आणि लहान हातोडीने पाच-सहा बेताचे ठोके द्या. हँडलखाली लाकूड टेकवून धरायला कुणाला तरी सांगा, नाहीतर सगळा ठोका हँडलच खातं. याने पसरलेली खाचही जरा आवळते.

गंज सोडवणारा स्प्रे मी इथे मारणार नाही. खनिज तेल ब्रेक ऑइलमध्ये उतरलं तर आतली रबरं फुगतात.

जपानी बनावटीच्या गाडीवर फुली बहुतेक जेआयएस (जपानी मानक) मापाची असते. साधा फिलिप्स (नेहमीचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर) तिच्या तळाशी टेकत नाही, म्हणून घसरतो. जेआयएस 2 नंबरचा बिट घ्या, खाचेत व्हॉल्व्ह घासायची पेस्ट थोडी भरा, अंगाचा भार देऊन आधी केसभर आवळा, मग सोडवा.

तरीही नाही सुटला तर डोकं उडवायचं. दुसरा स्क्रू काढून माप बघा (बहुधा एम4, म्हणजे 4 मिमी जाडीचा) आणि झाकण हलू नये म्हणून तो परत लावा. मधोमध पंचाची खूण करून 4 मिमी बिटने, कमी वेगात, डोकं सुटेपर्यंतच ड्रिल करा. कीस ओल्या फडक्याने टिपल्याशिवाय झाकण उचलू नका. डोकं गेलं की ताण सुटतो, उरलेला खुंट लॉकिंग पक्कडीने बहुतेक वेळा सहज फिरतो. हट्टी असेल तर डबीचं तोंड झाकून 60 वॅटची सोल्डरिंग इस्त्री दोनेक मिनिटं खुंटावर टेकवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, पकड ढिली होते. ज्योत मात्र नको, शेजारी ब्रेक ऑइल आणि रबर आहे.

ईझी-आउट (तुटलेला स्क्रू उलटा फिरवून काढायचं हत्यार) या मापात वापरू नका. तो कडक पण ठिसूळ असतो, आत तुटला तर साधा ड्रिल त्याला कापत नाही.

शेवटी एम4×0.7 चा टॅप (आटे कापायचं हत्यार) हाताने फिरवा, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. नवा स्क्रू स्टेनलेसचा घेतलात तरी आट्यांना अँटी-सीझ (स्क्रू जाम होऊ न देणारं) ग्रीस हवंच, कोरडा स्टेनलेसही ॲल्युमिनियमला तसाच खातो. बेतानेच आवळा, गळती रबर थांबवतं, जोर नाही. ऑइल सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग उडवतं.