म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी पुण्यात लक्ष्मी रस्त्याजवळ घर घ्यावं का?

घ्या, पण थेट लक्ष्मी रस्त्यावर नको. रस्त्यावरून आत वळून जे बोळ लागतात, त्यातल्या एखाद्यात घ्या. तुम्ही लिहिलंय की दोघंही सत्तरीपुढचे आहेत, हिंडते-फिरते आहेत आणि वाकडच्या सोसायटीत त्यांना करमत नाही. मी नारायण पेठेतच वाढलो, माझी आई इथेच म्हातारी झाली, म्हणून जरा पोटतिडकीने लिहितोय.

करमण्याचा मुद्दा तुम्ही अगदी बरोबर पकडलाय. माझ्या आईला गाडी येत नाही, मोबाइलवरून सामान मागवता येत नाही, तरी तिचं एक काम अडत नाही. वाणी कोपऱ्यावर, गिरणी पुढच्या बोळात, बँक आणि दवाखाना चालत पाच-सात मिनिटांवर. भाजीला मंडई, देवाला मोदी गणपती नाहीतर पत्र्या मारुती. वडील वाचणारे असतील तर पुणे नगर वाचन मंदिर आहे, 1848 पासूनचं, आणि अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं. मुख्य म्हणजे माणसं ओळखतात. आई दोन दिवस दिसली नाही तर वाणी मला थांबवून विचारतो, "काकू बऱ्या आहेत ना?" मुलगा-सून दिवसभर कामावर असताना ह्या एका प्रश्नाची किंमत किती, ते तुम्हाला कळेल.

आता खुद्द लक्ष्मी रस्ता. सकाळी दुकानं उघडण्याआधी तो फार सुंदर असतो, शांत आणि मोकळा. पण अकरानंतर आणि त्यातही संध्याकाळी, म्हाताऱ्या माणसाचा तिथे निभाव लागणं कठीण. फुटपाथवर दुकानाच्या पायऱ्या, त्यापुढे साड्या नेसवलेले पुतळे, आणि कडेला दुचाक्या इतक्या चिकटून लावलेल्या की हँडलं एकमेकांत अडकलेली. फुटपाथवर चढायला फटच सापडत नाही, मग माणूस रस्त्यातून चालतो. रस्ता एकेरी, म्हणून एकाच बाजूला बघावं, तर दुसऱ्या बाजूने कुणीतरी उलटा घुसलेला असतो. आई पिशवी छातीशी धरून कुंटे चौकात उभी राहते. एखादी अनोळखी बाई ओलांडायला निघाली की तिच्या आडोशाला राहून, तिच्याच पावलाने पलीकडे जाते. तिच्यासारख्या कितीतरी जणी मी रोज बघतो, आणि मला याचा मनापासून राग येतो.

कारण हा रस्ता कसा असू शकतो ते आम्ही पाहिलंय. 2021 पासून महापालिका 11 डिसेंबरला पादचारी दिन करते आणि नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा वाहनांना बंद ठेवते. त्या दिवशी लोक रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत चालतात, पोरं खेळतात, म्हातारी माणसं निवांत दुकानं बघत फिरतात. निदान संध्याकाळी तरी हे रोज व्हावं असं माझं ठाम मत आहे. गाड्या बंद झाल्या तर गिऱ्हाईक तुटेल अशी भीती घातली जाते. पण शेजारच्या तुळशीबागेच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, आणि तिथे पाय ठेवायला जागा नसते. शिवाय 29 सप्टेंबर 2024 पासून मंडईला मेट्रो थांबते, तेव्हा गाडी घेऊनच यायला हवं असंही राहिलेलं नाही.

गणपतीचं स्पष्ट सांगतो. विसर्जनाची मुख्य मिरवणूक मंडईहून निघून लक्ष्मी रस्त्यानेच अलका टॉकीज चौकात येते, आणि ती संपायला 24 तासांहून जास्त लागतात. मानाचे पाच गणपती बघायला आईला आजही खुर्ची लागते, ती सोडणार नाही. पण रात्री स्पीकरच्या भिंती सुरू झाल्या की रस्त्यालगतच्या घरांत खिडक्यांच्या काचा थरथरतात. कुणाला हृदयाचा त्रास असेल तर ती रात्र दुसरीकडे काढा. आत, बोळात, आवाज बराच कमी पोचतो.

घर बघताना आधी लिफ्ट बघा. वाडे पाडून बांधलेल्या जुन्या चार मजली इमारतींत ती बऱ्याचदा नसते, आणि पुढे बसवायला जागाही नसते. "लवकरच रीडेव्हलपमेंट आहे" असं कुणी म्हणालं तर समोरच्या रस्त्याची रुंदी विचारा. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही, म्हणून कितीतरी वाडे तसेच पडून आहेत. वाड्याच्या जागेवरची इमारत असेल तर जुन्या भाडेकरूंचा वाद मिटलाय का, हे वकिलाकडून तपासून घ्या. आणि नदीच्या बाजूला तळमजला नको. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत काय झालं, हे इथली जुनी माणसं अजून सांगतात. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सोडला की नदीवरचा भिडे पूल आजही पाण्याखाली जातो.

शक्य असेल तर लगेच विकत घेऊ नका. आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहू द्या, आणि त्यात भाद्रपद आणि दिवाळीची खरेदी दोन्ही येतील असं बघा. मग निर्णय आई-वडिलांनाच घेऊ द्या.