सिगरेटवरचा टॅक्स वाढवला की लोक खरंच सिगरेट सोडतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, एक म्हणजे सिगरेट एवढी महाग करून लोक सोडतात का की सरकार नुसता खिसा कापतंय, आणि दुसरं म्हणजे तुमचा भाऊ दिवसाला एक पाकीट ओढतो, सोडायचं म्हणतो पण सुटत नाही, त्याला कुठं मदत मिळेल. माझं सोलापुरात पूर्व भागात मेडिकल आहे, बाजूला पानटपरी, समोरच्या गल्लीत यंत्रमागाचे कारखाने, त्यामुळं ह्या विषयातलं पेपरमध्ये कमी आणि काउंटरवर जास्त बघायला मिळतं.

टॅक्सनं फरक पडतो, ह्यात वाद घालण्यासारखं फारसं काही नाहीये. जगभरचा अभ्यास बघितला तर आपल्यासारख्या देशांत किंमत 10 टक्के वाढली की खप साधारण 5 टक्क्यांनी कमी होतो असं डब्ल्यूएचओ सांगतं, आणि किरकोळ किमतीच्या 75 टक्के तरी टॅक्स असावा असंही तेच सांगतात. "गरिबाला कशाला मारता" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की किंमत वाढली की हात आखडता घेणारा पहिला गरीबच असतो, पैसेवाल्याला फरक पडत नाही तो ओढतच राहतो, म्हणजे फुप्फुसं वाचतात ती पण गरिबाचीच. आणि कॉलेजची पोरं, ज्यांना अजून सवय पक्की झालेली नाही, ती महागाईला लवकर वैतागतात.

पण आपल्याकडं गंमत अशी झाली की जीएसटी आला 2017 ला, त्यानंतर बरीच वर्षं सिगरेटवरचा टॅक्स जेमतेमच हलला, पगार-मजुरी मात्र वाढत गेली, मग सिगरेट महाग कुठं झाली, उलट परवडायला लागली. आता 1 फेब्रुवारी 2026 पासून 40 टक्के जीएसटी आणि वरून लांबीप्रमाणं हजार सिगरेटीमागं 2,050 ते 8,500 रुपये एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, लावलीय, म्हणजे पहिल्यांदाच जोराचा दणका बसला म्हणा.

आता दणका बसल्यावर टपरीवर काय होतं ते बघा. थोडे लोक कमी करतात, थोडे छोट्या ब्रँडवर उतरतात, आणि बरेच जण सरळ विडीचा कट्टा घेतात नाहीतर मावा. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना, पिशवीत घालून घासून देतात, आमच्याकडं गुटखाबंदी 2012 पासून आहे पण मावा चौकाचौकात मिळतो. तंबाखूवरचं मोठं सरकारी सर्वेक्षण झालं 2016-17 ला, त्यात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेतात, पण ओढणारे फक्त 3.8 टक्के आणि खाणारे-लावणारे 24.4 टक्के (काही जण दोन्ही करतात, मिशरी पण खाणाऱ्या-लावणाऱ्यांतच आली, आमच्याकडं कितीतरी म्हाताऱ्या बायका मिशरी लावल्याशिवाय चहा घेत नाहीत). देशभरात बघितलं तर विडी ओढणारे 7.7 टक्के आणि सिगरेटवाले 4 टक्के. म्हणजे टीव्हीवर जे दोन-दोन तास सिगरेटवर भांडतात ते रोगाच्या एका कोपऱ्यावर भांडतात.

आणि विडीचं काय केलं? 2025 च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी कौन्सिलनं ठरवलं, विडी 28 वरून 18 टक्क्यांवर, तेंदूपत्ता 18 वरून 5 वर. कारण दिलं जातं ते कामगारांचं. सोलापुरात हे कारण कुणी हसून उडवू शकत नाही, इथं हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, बऱ्याचशा तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या, सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरं झाली ती ह्याच विडी कामगार बायकांसाठी, त्यासाठी किती मोर्चे निघालेत ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. माझ्या काउंटरवर त्या येतात तेव्हा बोटाच्या टोकांना तपकिरी रंग, अंगाला तंबाखूचा वास, आणि मागणी ठरलेली, खोकल्याचं औषध आणि मानेला लावायला मलम. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून दिवसभर पानं कापायची, वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्यांमागं मजुरी, त्यात खराब निघालेली छाट वेगळीच. टॅक्स कमी केल्यानं ह्यांची हजारी वाढली असं निदान माझ्याकडं येणारी एकही बाई म्हणालेली नाही. फायदा कारखानदाराला आणि ओढणाऱ्याला.

पूर्वी एक चांगली गोष्ट होती, 1976 च्या कायद्यानं विडीवर एक सेस, म्हणजे ठरावीक कामासाठीचा जादा कर, होता, तो पैसा विडी कामगारांच्याच दवाखान्याला, पोरांच्या स्कॉलरशिपला, घराला जायचा. जीएसटी आला तसा 2017 ला तो सेस बंद केला. मला विचाराल तर खरी चूक तिथं झाली. टॅक्स घ्या हो, विडीवर पण घ्या, भरपूर घ्या, पण तो पैसा कुणासाठी ते आधी कागदावर लिहा, थोडा वळणाऱ्या बायकांना दुसरं काम शिकवायला आणि थोडा ओढणाऱ्याची सुटका करायला. थायलंडमध्ये 2001 पासून दारू-तंबाखूच्या टॅक्सवर 2 टक्के जादा घेऊन तो थेट आरोग्याच्या कामाला देतात, आपल्याकडं सगळं एकाच तिजोरीत जातं आणि मग शोधत बसा.

सिगरेट महाग झाली की आठ-पंधरा दिवस असे असतात की माणूस मनातून हललेला असतो. तेव्हाच त्याला कुणीतरी धरायला पाहिजे. परवा एक कारखान्यातला पोरगा आला, "मालक, ते सिगरेट सोडायचं च्युइंगम द्या की." मी म्हटलं दिवसाला किती ओढतोस, तर इकडंतिकडं बघून म्हणाला "मोजलं नाही ओ." गमची किंमत ऐकून म्हणाला एवढ्यात तर विडीचे कट्टे येतील की, आणि बाहेर जाऊन खरंच विडी घेतली. टॅक्सनं त्याला माझ्या दारापर्यंत आणलं होतं, पुढं सांभाळायला कुणी नव्हतं. हे गम सरकारी दवाखान्यात सगळीकडं फुकट मिळायला पाहिजे, टॅक्स वाढवायच्या दिवसापासून. आणि सुटी सिगरेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, पण टपरीवर दोरीला लायटर लटकतोय तोवर त्या बंदीला काय अर्थ, पाकिटाचे पैसे एकदम द्यावे लागले असते तर त्या पोरानं दोनदा विचार केला असता.

आता तुमच्या भावाचं. पाकिटावर 1800-11-2356 नंबर छापलेला असतो, तो नॅशनल क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा, फुकट आहे, त्याला स्वतःला करू दे, तुम्ही त्याच्या वतीनं करून उपयोग नाही. निकोटिन गम 2 मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 चा लागला तर डॉक्टरची चिठ्ठी लागते, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर शक्यतो 4 चाच लागतो. निम्मे लोक गम चुकीचा खातात. तो साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावायचा नाही, चावलात की उचकी लागते, घसा जळतो आणि माणूस म्हणतो हे फालतू आहे. हळू चावायचा, जिभेला झणझण झालं की गालात दाबून ठेवायचा, झणझण गेली की परत चावायचा, असं अर्धा तास. आणि चहा-कॉफीनंतर लगेच नाही, पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. आमच्याकडं चहा आणि सिगरेट जोडीनं चालतात म्हणून हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप नाही, डोकं जड, मग दोन-चार आठवड्यांत ओसरतं, तेवढे दिवस घरच्यांनी त्याच्याशी भांडण काढू नका. गमनं जमलं नाही तर चिठ्ठीवरच्या गोळ्या पण आहेत, बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन, पण त्या डॉक्टरला विचारून, फिट येत असेल किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर ते डॉक्टरला आधी सांगायचं. आणि ई-सिगरेट घेऊन ये म्हणून कुणी सांगितलं तर घेऊ नका, 2019 पासून त्यावर देशभर बंदी आहे, जे चोरून मिळतं त्यात काय भरलंय ते विकणाऱ्याला पण माहीत नसतं.