आधी एक रुपयाची नोट नीट बघ

भावा, नोटा जमवायच्या तर सुरुवातीलाच जगभरच्या नोटांमागं लागू नकोस. भारताच्याच धर, त्यातही एक रुपयाची. बाकी नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. हिच्यावर वित्त सचिवाची, कारण ही भारत सरकारची नोट. सह्या ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

मग नंबराकडं बघ. आकड्यांच्या मागं फिकट इंग्रजी अक्षर दिसेल, ते इनसेट. सही तीच पण इनसेट वेगळं असलं की संग्रहात ती नोट वेगळी धरतात. गुजरीत सोनार खडा बघतो तसं भिंग लावून बघ, घाई नको. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर मागं छपाईचं साल 2005 पासून येतं. नंबरात चांदणी दिसली तर नोट खर्चू नकोस. छपाईत खराब निघालेलीच्या जागी ती बंडलात घातलेली असते.

जुन्या नोटा उजेडासमोर धर. डाव्या बाजूला पिनेची भोकं दिसतील, बंडलं टाचायचे त्याची. असू देत. पण धुतलेली, इस्त्री केलेली नोट फुकट मिळाली तरी घेऊ नकोस, तिचा मूळ करकरीतपणा गेलेला असतो.

आणि आपला पाऊस! माझ्या पहिल्या अल्बमची पानं पीव्हीसी प्लॅस्टिकची होती. श्रावणात उघडला तर नोटा चिकटलेल्या, एकीवर बुरशीचे तपकिरी ठिपके. फार जीव हळहळला. पाकिटं पीव्हीसी नसलेलीच घे, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेव आणि अल्बम भिंतीला टेकवू नकोस.