बायोस अपडेट चालू असताना लाईन गेली तर?

प्रश्न : मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. बी४५० चा मदरबोर्ड आहे, त्यावर रायझन ५ २६०० प्रोसेसर लागलाय. आता ५६०० घेतला तर दुकानवाला म्हणतो आधी बायोस अपडेट करा, पेनड्राइव्हवरून होते. पण आमच्याकडे उन्हाळ्यात लाईनचा काही नेम नाही. मधेच गेली तर बोर्ड मरतो का?

उत्तर : हो, मरू शकतो, तुमची भीती एकदम बरोबर आहे. बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा मूळ प्रोग्राम, बोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो, अपडेट करताना जुना पुसून नवा लिहिला जातो, आणि लिहिता लिहिता लाईन गेली की चिपमध्ये अर्धवट काहीतरी राहतं आणि बोर्ड चालूच होत नाही. माझ्या मित्राचा असाच गेला होता, मे महिन्यात, संध्याकाळी वादळ सुटलेलं आणि हा अपडेट करत बसलेला. शेवटी बर्डीतल्या एका रिपेअरवाल्याने प्रोग्रामर नावाचं यंत्र लावून चिप पुन्हा भरून दिली तेव्हा चालू झाला.

म्हणून सकाळीच करा. यूपीएस असेल तर आदल्या दिवशी पीसी चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करून बघा, दहा मिनिटं टिकला तरच भरवसा, कारण जुन्या यूपीएसची बॅटरी बहुतेक वेळा मेलेलीच असते. घरी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर टाका, नाहीतर बदलताना जो झटका बसतो त्यात पीसी रिस्टार्ट होतो.

आणि कृपा करून जुना २६०० आत्ता काढू नका! ५६०० ज्यात येतो ती ५००० सिरीज २०२० च्या शेवटी आली, तुमच्या बोर्डात त्याआधीचा बायोस असला तर ५६०० लावून स्क्रीन काळीच राहील. आधी २६०० वरच अपडेट, मग प्रोसेसर.

फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या, मॉडेल अक्षर न अक्षर जुळवून. गिगाबाइट असेल तर बोर्डच्या कोपऱ्यावर छापलेला रिव्हिजन नंबरही बघा, १.० ची फाइल दुसऱ्या रिव्हिजनला चालेलच असं नाही. फाइलखाली लिहिलेली सूचना वाचा, काही बोर्डांना आधी मधली एखादी व्हर्जन टाकावी लागते. पेनड्राइव्ह ८ किंवा १६ जीबीचा, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, झिप उघडून आतली फाइल थेट त्यावर, फोल्डरमध्ये नाही. मग बायोसमध्ये जाऊन तिथल्याच फ्लॅश टूलने टाका, म्हणजे एसूसवर ईझेड फ्लॅश, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश, एमएसआयवर एम-फ्लॅश. विंडोजमधून करू नका, मधेच विंडोज हँग झालं तर तेच दुखणं.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, आणि अपडेटच्या आधी आणि प्रोसेसर बदलायच्याही आधी बिटलॉकर सस्पेंड म्हणजे तात्पुरतं बंद करा, प्रोसेसर बदलला की विंडोज ती की मागू शकतं.

पाच-सात मिनिटं लागतील, स्क्रीन काळी पडेल, एक-दोनदा आपोआप रिस्टार्ट होईल, तेव्हा घाबरून बटण दाबू नका. झालं की रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) पुन्हा चालू करा, सेटिंग बहुतेक सगळं पुसलेलं असतं.