दिश्ट काढा, पण मध चाटवू नका

प्रश्न : ताई, माझं पहिलंच बाळ, 22 दिवसांचं आहे. सासूबाई खूप मायेनं सगळं करतात, पण रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून मधातून चाटवतात, डोळ्यांत काजळ घालतात. संध्याकाळी बाळ दोन-दोन तास रडतं तेव्हा कोणाची तरी दिश्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून खोलीतच निखाऱ्यावर टाकतात. नवरा म्हणतो, आम्ही असेच वाढलो. मला भीती वाटते आणि बोलायची हिंमतही होत नाही. काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : अगं, तुझी भीती बरोबर आहे, पण सगळ्याच गोष्टींना नाही म्हणू नकोस. मी एकच बघते, बाळाच्या अंगाबाहेर राहतंय ते चालू दे, पोटात, डोळ्यांत, नाकात, बेंबीत जातंय ते थांबव.

मध आधी बंद कर. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं असू शकतात, आपल्याला ती बाधत नाहीत पण वर्षाच्या आतल्या मुलाच्या आतड्यात वाढून विष तयार होतं आणि मूल लुळं पडतं, म्हणून घरचा, रानातला, कितीही शुद्ध असला तरी 1 वर्षापर्यंत मध नाहीच. वेखंडही नको, त्यानं उलट्या होऊ शकतात. 6 महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको.

काजळाचं मला फार वाईट वाटतं कारण ते मी स्वतः केलंय. माझ्या थोरल्याच्या वेळी आजीनं एरंडेलाचा दिवा लावून वर तांब्याची ताटली उपडी घातली, रात्रभर धरलेली काजळी तुपात खलली, इतकं निगुतीनं केलेलं काजळ, आणि चार दिवसांत पोराचा डोळा पुवानं चिकटला, सकाळी कोमट पाण्याच्या कापसानं पुसल्याशिवाय उघडायचा नाही. बोटावरची घाण डोळ्यात जाते, आणि विकतच्या काही काजळात तर शिसंही सापडलंय. टीट तळपायाला लावू दे सासूबाईंना, कपाळावरचं चोळून हात तोंडात जातो.

दिश्ट काढायला माझी ना नाही. पण मिरच्या अंगणात जाळा, बाळाला आत ठेवून. ठसका आला नाही म्हणजे दिश्ट मोठी असं म्हणून घरातली सगळी तिथंच हुंगत उभी राहतात आणि धूर जातो त्या एवढ्याशा छातीत. ओवा-लसणीच्या धुरीचंही तेच.

आणि ते संध्याकाळचं रडणं, ते पुष्कळ मुलांना होतं गं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत जातं. तिनसांजेला पाहुणेही येतात, बाळ या हातातून त्या हातात फिरतं, दमतं, मग दोष त्या पाहुण्याला. खांद्यावर उभं धरून अंधाऱ्या खोलीत फिरव. पण ताप 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याहून वर गेला, दूध ओढेना, अंग ढिलं पडलं किंवा हिरवी उलटी झाली तर दिश्टीच्या नादात एक तासही घालवू नका, तडक डॉक्टरकडे.

सासूबाईंना अडाणी समजू नकोस हं. सटीच्या, म्हणजे सहाव्या रात्री दिवा जागवून बाळाजवळ बसायची रीत मला तर फार शहाणपणाची वाटते, कारण बेंबीतून होणारा धनुर्वात याच पहिल्या एक-दोन आठवड्यांत मुलं न्यायचा. बेंबीला शेण-राख लावणं मागं पडलं, आयांना लस मिळायला लागली, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली आणि 2015 मध्ये नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं. म्हणजे जुन्या बायकाही रीत बदलतातच, नीट सांगितलं तर.

दीड महिन्याच्या लशीला जाशील तेव्हा त्यांनाच बाळ मांडीवर घेऊन बसव आणि काजळाचं, धुराचं डॉक्टरांनाच विचारू दे. मधाचं मात्र तेवढं थांबू नकोस, आज रात्रीच नवऱ्याला हे पान वाचायला दे आणि त्यालाच आईशी बोलू दे.