ऑपरेशननंतर आई अशी का वागतेय, आता अशीच राहणार का?

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसाला अ‍ॅडमिट केलं की घरच्यांचा हा प्रश्न ठरलेला. साताऱ्याकडचे एक दादा आले होते (तपशील थोडे बदललेत). आईचं वय 78, विसरायला लागून काही वर्षं झालेली, पण घरात निभत होतं, भाकऱ्या सुद्धा थापायच्या. मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन व्यवस्थित झालं आणि दुसऱ्या रात्रीपासून आरडाओरडा, सलाइन उपसणं, वॉर्डबॉयला ओरबाडलं, शेवटी हात कॉटला बांधले. "मॅडम, डिमेन्शिया एकदम वाढला का हो?"

डिमेन्शिया सहसा असा रातोरात वाढत नाही. एक-दोन दिवसांत माणूस एवढा बदलला, मधेच नीट बोलतो आणि परत बरळतो, तर बहुतेक वेळा तो डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडणारा मेंदूचा गोंधळ असतो आणि त्यामागे कारणं असतात, लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ नसणं, पाणी कमी पडणं, दुखणं, नवीन गोळ्या, झोपमोड. कारण सापडून उपचार झाले की बरेच जण सावरतात, काहींना आठवडे लागतात, काही पहिल्यासारखे होत नाहीत, हेही दादांना सांगितलं कारण खोटा धीर देऊन काय उपयोग.

मग विचारलं, ओरबाडलं नेमकं कधी? तर डायपर बदलताना. आता बघा, आक्का, म्हणजे दादांची आई, जन्मभर नऊवारीत, डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, आणि इथे पाठ उघडी टाकणारा गाऊन अन् परका पुरुष कपडे काढतोय! त्यात कानाचं मशीन हरवेल म्हणून घरी ठेवलेलं, म्हणजे तो काय सांगतोय ते ऐकूही येत नाही. मी पण ओरबाडलं असतं.

सिस्टरला बोल लावून उपयोग नाही, रात्री एकटीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड, तिला हे सांगणार कोण? इंग्लंडमध्ये अल्झायमर्स सोसायटीचं 'धिस इज मी' म्हणून पत्रक असतं, घरच्यांनी भरून स्टाफला द्यायचं. आम्ही वहीच्या पानावर लिहिलं: आक्का म्हणून हाक मारा. मशीन लावून मगच बोला. डोक्यावर पंचा राहू द्या. कपडे बदलायला मावशीच हव्यात. चहा बशीत ओतून. दुखतंय का विचारलं तर नाहीच म्हणतील, कपाळावरच्या आठ्या बघा.

हे शेवटचं फार कामाचं निघालं, कारण फाइलवर पेनकिलर 'लागल्यास' असं लिहिलेलं आणि आक्का कशाला मागतायत! दादांनी डॉक्टरांशी बोलून ती ठरल्या वेळेला सुरू करून घेतली, लघवी तपासायला लावली, रात्री लेक थांबायला लागली, मग हात सोडले. ओरडणं लगेच थांबलं नाही हं, पण दोन-तीन दिवसांनी सिस्टरला "जेवलीस का गं" म्हणून विचारायला लागल्या.

आणि एक, हॉस्पिटलात शांत ठेवायला सुरू केलेली गोळी पुढे घरी महिनोन् महिने तशीच चालू राहते, म्हणून डिस्चार्जच्या वेळी ती कधी आणि कशी बंद करायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, मनाने एकदम बंद करू नका.