जिन्यातला धूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

आगसुरक्षेच्या कामाला पहिलीच इमारत बावीस मजल्यांची मिळाली, हे वाचून फार बरं वाटलं. स्प्रिंकलर, हायड्रंट, पाण्याच्या टाक्या यांवर तू पानभर लिहिलंस. धुरावर मात्र एकच ओळ: ‘फॅनचं कंत्राटदार बघतोय.’ ती वाचली आणि लगेच लिहायला बसलो.

दिल्लीचं उपहार सिनेमागृह, 13 जून 1997. आग लागली तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, तिथून पार्किंगमधल्या गाड्यांना. वर बाल्कनीत ज्वाळा पोहोचल्याच नाहीत. पोहोचला तो धूर, जिन्यातून आणि एसीच्या डक्टमधून. एका बाजूची बाहेर पडायची वाट जादा खुर्च्या टाकून अडवलेली. 59 माणसं गेली, गुदमरून. 2011 च्या डिसेंबरात कोलकात्याच्या एका रुग्णालयात बेसमेंट पेटलं आणि वरच्या काचबंद मजल्यांवरचे रुग्ण असेच गेले.

धूर गरम असतो, वर चढतो. जिना आणि लिफ्टचा शाफ्ट ही त्याच्यासाठी आयती धुराडी. म्हणून उंच इमारतीच्या बंदिस्त जिन्यात पंख्याने हवा भरून दाब वाढवतात, म्हणजे धूर आत शिरत नाही. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत तो 50 पास्कल सांगितलाय. पाण्याच्या उंचीत मोजलास तर जेमतेम 5 मिलिमीटर! एवढ्याशा दाबावर माणसं खाली उतरतात. पण तो जास्त झाला तरी घात, कारण दार उघडत नाही. दार उघडायला 133 न्यूटनपेक्षा, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, जास्त जोर लागता कामा नये. तू तरुण आहेस, तुझ्या हाताने अंदाज घेऊ नकोस. स्प्रिंग काटा लावून मोज.

बेसमेंटच्या फॅनचं थोडक्यात: आगीच्या वेळी तासाला 12 वेळा हवा बदलायला हवी, आणि फॅन 250 अंश सेल्सिअसमध्ये दोन तास टिकायला हवा. त्याला वीज देणारी केबलही तेवढीच टिकते का, हे कुणी विचारत नाही. तू विचार.

आता माझी चूक सांगतो. एका सोसायटीत मी तपासणीला गेलो, फाइल चाळली, बटण दाबून जिन्याचा फॅन चालवून पाहिला आणि सही केली. पॅनेलचा स्विच ‘मॅन्युअल’वर होता, म्हणजे अलार्म वाजला तरी फॅन आपोआप सुरू होणार नव्हता. आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी तो तसा ठेवलेला. मी पाहिलाच नाही. काही महिन्यांनी मीटर रूम पेटली. अलार्म वाजला, फॅन गप्प. जिन्याचं दार उघडं राहावं म्हणून त्याला वीट लावून ठेवलेली. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा महिनाभर रुग्णालयात होते. ते वाचले. मी त्यांना भेटायला गेलो, पण काय बोलावं ते सुचलं नाही.

महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, भरावा लागतो. तो भरला जातो म्हणून यंत्रणा चालते, असं धरून चालू नकोस. बटण दाबून फॅन फिरवणं ही चाचणी नव्हे. डिटेक्टरला धूर दे, अलार्म वाजू दे, फॅन आपोआप सुरू होतो का ते पाहा, डॅम्पर, म्हणजे डक्टमधल्या झडपा, उघडतात का ते शिडी लावून डोळ्यांनी पाहा. एकदा मुख्य वीज तोडून जनरेटरवरही हेच कर. कंत्राटदार कुरकुरेल, करू दे.

सोमवारी साइटवर गेलास की आधी जिन्याने बाविसाव्या मजल्यापर्यंत चढ. प्रत्येक दार उघडून सोडून दे आणि ते आपलं आपण पूर्ण बंद होतं का बघ. न लागणाऱ्या दारांचे मजले लिहून मला कळव.

तुझा,
काका